योग्य काम

लट्रीस वोमॅक फौजेतून घरी आली तेव्हा तिनं एकच गोष्ट पक्की ठरवली होती, मेलेल्या माणसाला आता हात लावायचा नाही. फौजेत तिचं कामच ते होतं. मारल्या गेलेल्या पोरांचे खिसे रिकामे करायचे, अंग पुसायचं, घरच्यांना बघवेल असं करून पाठवायचं. एकदा एका खिशात अर्धं खाल्लेलं चॉकलेट निघालं. ते काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

दुसरं काम लागेपर्यंत फौजेतून सुटलेल्यांना बेकारी भत्ता मिळायचा. त्यावर तिचं आणि तिच्या आईचं, अर्लीनचं भागत होतं. पण रोजगार कचेरीनं दाखवलेलं योग्य काम नाकारलं, की भत्ता बंद. आणि कचेरीनं दाखवलं काय, तर त्यांच्याच गावातलं, पीटर्सबर्गमधलं एक फ्युनरल होम, म्हणजे दफनाआधी मयत धुऊन, कपडे घालून तयार करतात ती जागा. सरकारी अक्कल म्हणतात ती हीच.

"मॅडम, दुसरं काहीही द्या. लाद्या पुसते."

"अनुभव तर तुम्हाला यातलाच आहे," कचेरीतली बाई म्हणाली. "भेटून या. त्यांनीच नको म्हटलं तर भत्ता चालू राहील."

अर्लीनला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग सोपं आहे की. सगळा घोळ घालून ये. तुझा स्वयंपाक खाल्लाय मी, जमेल तुला."

"हसू नकोस, ममा."

"हसत नाहीये गं. झोपेत तू किंचाळतेस, ते मलाच ऐकावं लागतं."

फ्युनरल होमचे मालक प्रुइट म्हातारे होते, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर एक आजोबा होते, अंगात बायकोनं घरून आणलेला शर्ट.

"माझ्याच्यानं बटणं लागत नाहीत आता," प्रुइट म्हणाले. "तू लाव बघू. बायको बाहेर बसलीय त्यांची."

लट्रीसनं मुद्दाम एक काज सोडून बटणं लावली आणि दाराकडे वळली. कॉलरचं टोक आजोबांच्या हनुवटीत रुतत होतं. मेलेल्या माणसाला काय टोचणार? तरी तिचा पाय उचलेना.

ती परत फिरली. सगळी बटणं काढून पुन्हा नीट लावली. कॉलर बसवली. सवयीनं खिसाही तपासला. आत पेपरमिंटची एक गोळी होती.

"ही त्यांच्या बायकोला द्या," ती म्हणाली.

प्रुइटनी गोळी घेतली. "सोमवारपासून ये, पोरी."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"ठेवून घेतलं," लट्रीस म्हणाली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धूत उभी राहिली. शेवटी आईनंच येऊन नळ बंद केला.