सिस्टरच्या माणसांचं दार

भोकरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात सिंधु सिस्टरचा दरारा असा, की नवा वॉर्डबॉय कामाला लागला की आधी तिचा आवाज ओळखायला शिकायचा, बाकीचं काम नंतर. बोलणं तोडून टाकल्यासारखं. हळवी व्हायची ती एकाच बाबतीत, आपल्या माणसांच्या. सासरचं, माहेरचं, शेजारपाजारचं, कुणीही उमरीहून नाहीतर हिमायतनगरहून आलं, की त्याला रांगेत बसावं लागायचं नाही. औषधांच्या खोलीतून डॉक्टरांच्या खोलीत उघडणारं एक मागचं दार होतं. तिथून सिस्टर आपला माणूस अलगद आत सोडायची. याला कुणी अन्याय म्हणत नसे. दवाखान्यात ओळख असून तिचा उपयोग झाला नाही, तर लोक वर्षभर तेच बोलून दाखवतात.

मध्यंतरी ट्रस्टनं दवाखान्यात कॉम्प्युटर आणले. पेशंटची माहिती भरली की धोका कुठं आहे, कोणती तपासणी आधी करायला हवी, हे पडद्यावर सांगणारी व्यवस्था त्यात होती. सुरुवातीला त्या व्यवस्थेनं सगळ्यांना वैताग आणला. तापाच्या पोराला सूचना, खोकल्याच्या म्हातारीला सूचना, औषध बदललं तरी सूचना. डॉ. यासेर माशा हाकलाव्यात तशा त्या हाकलायचे. अशातच एकदा खरोखर कामाची सूचनाही हाकलली गेली. पेशंट थोडक्यात बचावला, आणि सिस्टरची नि डॉक्टरांची चांगलीच जुंपली.

"सर, तुम्ही ते वाचतच न्हाईत."

"सिस्टर, मी पेशंट बघू का पडदा वाचू? समोर एक बसलेला, खांद्यावरून तिघं वाकून राहिलेत."

खरं दोघांचंही होतं. मग दोघांनी बसून नवी आखणी केली. नको त्या सूचना छाटल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठेवल्या. आणि त्या डॉक्टरांच्या टेबलावरून उचलून दारातल्या प्रेशरच्या टेबलावर आणल्या, जिथं नर्स पुनम बसते. येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यासमोर थांबणार. ती प्रेशर बघणार, चार प्रश्न विचारणार. पडद्यावर लाल पट्टी आली, की तपासणी तिथंच, डॉक्टर मग.

एका सूचनेसाठी सिंधु हट्टाला पेटली होती. त्या सूचनेचे शब्द तिनं स्वतः सांगून टाईप करून घेतले. चाळिशीच्या पुढचा माणूस छातीत नाहीतर पोटाच्या वर जळजळ सांगत असेल, तर आधी ईसीजी. कारण आपल्याकडं हार्ट अटॅक पित्ताचं नाव घेऊन दवाखान्यात येतो. उपाशीपोटी चहा झाला होता, काल वांग्याची भाजी तिखट होती, कारणं सगळी तयार असतात.

आखणी लागू पडली. पित्ताची गोळी मागायला आलेला हिमायतनगरचा एक दुकानदार लाल पट्टीत सापडला आणि वेळेत नांदेडला पोहोचला. ट्रस्टनं सिस्टरला शाल-श्रीफळ दिलं. ती "काय गरज होती" म्हणाली, आणि शाल आल्यागेल्याला दाखवली.

अशात एके दिवशी तिचे सासरे अण्णाराव आले. लग्नानंतर सिंधुला नर्सिंगचा कोर्स पुरा करायचा होता, तेव्हा घरात एकानंही होकार दिला नव्हता. अण्णारावांनी कुणाशी वाद घातला नाही. तिची पेटी उचलली आणि तिला नांदेडच्या गाडीत बसवून आले. त्या माणसाला बाकड्यावर बसवायचं हे तिच्या मनातही आलं नाही.

"पित्त उसळलंय पोरी, सकाळधरनं. काही जीवावरचं न्हाई."

तिनं त्यांना मागच्या दारानं आत नेलं. "सर, आमचे मामंजी. जरा बघता का?"

डॉक्टरांसमोर पेशंट होता. तरी सिस्टरच्या घरचं माणूस म्हणून ते उठले, पोट दाबून बघितलं, चार गोड शब्द बोलले, पित्ताचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. नाव कुठं चढलं नाही, प्रेशर बघितलं नाही. पुनमचं टेबल भिंतीच्या पलीकडंच होतं. सिंधुनं सासऱ्यांना आपल्या खोलीत पंख्याखाली बसवलं आणि ती निर्धास्त मनानं वॉर्डात गेली.

बऱ्याच वेळानं पुनम त्या खोलीत ईसीजीच्या कागदाचा रोल घ्यायला आली. पंखा फुल्ल चालू होता आणि अण्णारावांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"मामा, काय होऊन राहिलं?"

"काही न्हाई गं. डॉक्टरनं बघितलंय."

पुनमनं ऐकलं नाही. खुर्चीगाडी आणली, त्यांना टेबलापाशी नेलं, वय आणि तक्रार भरली. पडदा लाल झाला. सिंधु धावत आली तेव्हा त्या लाल पट्टीत तिचेच शब्द होते. ईसीजीनं बाकीचं सांगितलं.

अँब्युलन्समध्ये तिनं त्यांचा हात सोडला नाही. "ड्युटी टाकून कशाला आलीस?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिला रडू आवरेना. नांदेडला हृदयाची तुंबलेली शीर मोकळी केली, जीव वाचला. तिथले डॉक्टर मात्र स्पष्ट बोलले. थोडं आधी आणलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं, हृदयाचा जो भाग गेला तो परत यायचा नाही. दिवसातून दोनदा शेताला चक्कर मारणारे अण्णाराव आता अंगणातून ओट्यावर येतानाही मध्ये थांबतात.

घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि संताप तर त्याहून जास्त. डॉ. यासेर म्हणाले, "चूक माझी आहे, सिस्टर. मी विचारायला पाहिजे होतं."

"दोघांची हाय, सर. पण दार माझं हाय. मशिनीचं काही चुकलं न्हाई. माणूस तिच्यापुढं गेलाच न्हाई."

त्याच दिवशी औषधांचं लोखंडी कपाट त्या दाराला लावून उभं केलं. सगळ्यांनी वाहवा केली, आणि आपल्यापुरती सवलत मिळेल का हेही हळूच विचारून घेतलं. सिस्टरनं सगळ्यांना नाही म्हटलं.

मग ट्रस्टच्या सचिवांचे मेहुणे रुद्रेश आले. पांढरी गाडी, कडक इस्त्री, आणि पोटात जळजळ. कपाट बघून त्यांनी तिथूनच सचिवांना फोन लावला आणि तो सिस्टरच्या हातात दिला.

"सिस्टर, घरचा माणूस हाय," सचिव म्हणाले. "एवढ्या वेळेला मागून घ्या."

सिंधुची नोकरी त्यांच्या हातात होती. पण आज यांच्यासाठी कपाट हललं, तर उद्या सगळ्यांसाठी हलणार, हेही तिला ठाऊक होतं. "साहेब, घरचा माणूस हाय म्हणूनच न्हाई घेत," असं म्हणून तिनं फोन रुद्रेशना परत दिला आणि पुनमच्या टेबलापुढच्या बाकड्याकडं बोट केलं.

"ते माझे सासरे हायत. तपासणीला आलेत. त्यांचाही नंबर लागायचाय."

लेकुरवाळ्या बाया आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मध्ये अण्णाराव हातात टोकन धरून बसले होते. अण्णाराव सरकले आणि शेजारी जागा केली.

"बसा. मागल्या खेपेला मला हितं बसू दिलं न्हाई सुनेनं," ते अगदी साधेपणानं म्हणाले. "लई जीव हाय तिचा माझ्यावर."

रुद्रेश बसले. सिंधु पाठ फिरवून कपाटाकडं तोंड करून उभी राहिली. आवाज ताळ्यावर आल्यावर तिनं पुनमला पुढचा नंबर घ्यायला सांगितलं.