राऊतसाहेबांचा रविवार

आमच्या प्लांटवर कोणी जांभई दिली की राऊतसाहेब खिशातली शिट्टी काढत. दुसरीकडे शिट्टी वाजली की माणसं कामाला लागतात. आमच्याकडे हातातलं काम टाकून कडुनिंबाखाली जमायचं आणि खेळायचं. धनजच्या पुढे रस्त्याला लागून आमचा सोयाबीनच्या बियाण्याचा प्लांट. पेरणीच्या आधी तिथे श्वास घ्यायला उसंत नसते. चाळणी चालू, पोती भरणं चालू, गाड्या लागलेल्या. मी गोदाम सांभाळतो, त्यामुळे जांभया देणाऱ्यांत माझा नंबर बराच वरचा होता.

गजाननराव राऊत आमचे प्रमुख, मूळचे आसेगावकडचे. आदल्या हंगामात चांगली शिकलेली माणसं थकून नोकरी सोडून गेली, तेव्हा पुण्याच्या मुख्य कार्यालयानं साहेबांना बजावलं की यंदा माणसं गेली तर जबाबदारी तुमची. ती का गेली हे कोणी विचारलं नाही. साहेबांना एका प्रशिक्षणाला मात्र बसवलं, आणि तिथून ते संघभावना आणि फुग्यांची पिशवी घेऊन परत आले.

मग सुरू झाले खेळ. दोघांच्या पाठीत फुगा धरून चालायचं, चमच्यात लिंबू घेऊन गोदामाला फेरी मारायची. संगीत खुर्ची सर्वांना आवडे, पण साहेबांना वाटे त्या कारणानं नव्हे. जो आधी बाद होई त्याला सावलीत टेकायला मिळे, म्हणून आम्ही खुर्चीजवळ जायचंच टाळायचो. एकदा गाणं थांबलं तरी एकही माणूस बसेना. साहेब गहिवरून म्हणाले, "पाहा, एकमेकासाठी खुर्ची सोडून राह्यले. याले म्हनते संघभावना." खेळात गेलेला अर्धा तास संध्याकाळी थांबून भरून द्यावा लागे, ही गोष्ट वेगळी.

माणूस मनानं निर्मळ होता, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नसे. कोणाच्या घरी आजारपण निघालं तर स्वतःची गाडी पाठवत. स्वतः मात्र सर्वांच्या आधी येत आणि सर्वांच्या नंतर जात. "हासलं का अर्धं काम झालं समजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उरलेलं अर्धं कोण करतं, असं एकदा प्रयोगशाळेतल्या उज्ज्वलाताईंनी विचारलं होतं, तर साहेब सर्वांत मोठ्यानं हसले.

या उज्ज्वला मनवर म्हणजे प्लांटचा कणा. बियाणं उगवतं की नाही ते त्या तपासत, आणि त्यांची सही झाल्याशिवाय पोतं फाटकाबाहेर जात नसे. हंगामात साप्ताहिक सुट्टी नसायची. ती पुढे पावसाळ्यात घ्या, असा वरचा हुकूम. घरी त्यांची लहान मुलगी आईला फक्त झोपलेली पाहत होती, कारण ताई घरी पोचल्या की जेवताजेवताच डोळे मिटत. त्या राजीनाम्याचं बोलू लागल्याचं मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांचा चेहरा उतरला. रात्रभर विचार करून त्यांनी त्यावरही उपाय काढला: नवा खेळ.

हा खेळ विश्वासाचा होता. एकानं डोळे मिटून, हात छातीशी बांधून मागच्या मागे पडायचं. सुरुवात स्वतः साहेब करणार होते. आम्ही त्यांच्या पाठीमागे दाटीनं उभे राहिलो. आता आमच्याकडची रीत अशी, की साहेब अंगावर आले तर लगबगीनं वाट करून द्यायची. साहेब मागे झुकले, आणि आम्ही सगळे अदबीनं दोन्ही बाजूंना सरकलो. हमालांचा मुकादम तर "या साहेब" असंही म्हणाला. साहेब धाडकन जमिनीवर आले, मनगट मोडलं. धूळ झटकत ते एवढंच म्हणाले, "झेलाचं असते, हे सांगाचं राह्यलं."

उज्ज्वलाताईंनी ओढणीनं त्यांचा हात बांधला आणि आम्ही त्यांना जीपमधून कारंज्याला घेऊन निघालो. पुढे ड्रायव्हर आणि मी, मागे साहेब आणि ताई. थोड्या वेळानं मी मागे वळून पाहिलं. जखमीला सांभाळायला आलेल्या ताई गाढ झोपल्या होत्या. रस्त्याच्या खड्ड्यांनी त्यांचं डोकं काचेवर आपटत होतं, म्हणून साहेबांनी आपला चांगला हात काच आणि डोकं यांच्यामध्ये धरला होता. मोडलेला हात मांडीवर तसाच. वेदनेनं कपाळावर घाम आला होता, पण ते ड्रायव्हरला हळू आवाजात सांगत होते, "सावकाश घे. बाई झोपली हाये." त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर ताई ओशाळून उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना जवळ बसवलं.

"बाई, खरं सांगा. कोनता खेळ घेऊ म्हंजे तुमी राहान?"

"खेळ नको साहेब," ताई म्हणाल्या. "मले रविवार पायजे. पोरीसंग जेवाचं हाये, अन् झोपाचं हाये."

 रविवार द्यायचा अधिकार साहेबांना नव्हता. खेळ मात्र हवे तितके घ्यायची मुभा होती. त्यांनी पुण्याला कळवलं की दर रविवारी 'कौटुंबिक संघभावना' हा उपक्रम राबवत आहोत, आणि प्लांटला कुलूप लावलं. पुण्याहून अभिनंदन आलं. आम्ही रविवारी झोपलो, सोमवारी माणसांत आलो, आणि काम काही अडलं नाही. ताईंनी राजीनाम्याचं नाव काढलं नाही.

पण कौतुकाच्या पाठोपाठ फोटोची मागणी आली. उपक्रमात सहभागी झालेले सर्व कर्मचारी, कंपनीचे टी-शर्ट घालून, एकत्र. थोडक्यात, रविवारची सुट्टी टिकवायची तर रविवारी कामावर यायला हवं. आम्ही मुकाट्यानं आलो. फक्त उज्ज्वलाताई आल्या नाहीत. त्यांना बोलावून आणू का, म्हणून मी गाडीची किल्ली मागितली. साहेब म्हणाले, "कायले? खेळ कोनाले समजला, तं तिलेच समजला. तुमीबी घरी जा." मग त्यांनी बंद फाटकाचा, कुलपाचा फोटो काढला आणि तोच पुण्याला पाठवला. खाली लिहिलं: सहभाग संपूर्ण.

पुण्याला विनोद कळत नाही असं नाही, पण तो कर्मचाऱ्यानं केलेला चालत नाही. हंगाम संपायच्या आत साहेबांची बदली झाली, मानोऱ्यापलीकडच्या एका डेपोवर. तिथे मंजूर जागा एकच, म्हणजे सगळं एकट्यानं पाहायचं. त्यांना निरोप देताना ताई रडल्या, मलाही आवरलं नाही. साहेब म्हणाले, "मायाजवळ देयाले दुसरं काही नव्हतं बाई. जे होतं त्याले खेळ म्हनून देल्लं."

गंमत पुढेच आहे. त्या वर्षी एकही माणूस सोडून गेला नाही म्हणून आमच्या प्लांटला संघभावनेचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर नव्या साहेबांचं नाव आहे. ज्या उपक्रमाला बक्षीस मिळालं तो बंद कसा करणार, म्हणून आमचा रविवार आजही शाबूत आहे. ताई पोरीबरोबर जेवतात, दुपारभर झोपतात.

मागच्या रविवारी घरी निवांत पडलो होतो, तेव्हा राऊतसाहेबांची आठवण झाली आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मागे गाडीवाले पोती उतरवत असल्याचा आवाज येत होता. म्हटलं, साहेब, आज तरी सुट्टी घ्यायची.

"कशी घेऊ भाऊ?" ते म्हणाले. "इथं मांगनाराबी मीच, अन् देनाराबी मीच. दोघायचं जमत नाही."