पाचच्या रॉडला नऊची लाईन

अप्पांनी जोरात हात झटकला, तशी मागून आलेल्या दोरीच्या गळानं त्यांची टोपी उचलली आणि थेट शेततळ्यात नेऊन टाकली. टोपीवर निभावलं होतं. मी आधी गळ तोडला आणि त्याजागी लोकरीचा तुकडा बांधला.

"उद्या व्याही यायलेत," अप्पा म्हणाले. "त्येंच्यापुढं असं झालं तर तोंड कुठं दाखवू?"

अप्पा ढोकीजवळचे ऊसवाले. मुलगी सुनीता स्कॉटलंडला नर्स आहे, लग्नही तिथल्याच मुलाशी झालं. अप्पांना व्हिसा मिळाला नाही, म्हणून तिच्या सासऱ्यांनी तिकडून आहेर पाठवला, फ्लाय फिशिंगचा, म्हणजे पिसांच्या गळानं मासे धरायचा रॉड. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला आहेर करावा, याचं अप्पांना भारी अप्रूप. रॉड देवघराशेजारी उभा असायचा. आता व्याही सुनीतासोबत पहिल्यांदाच येणार होते आणि "मला बक्कळ येतंय" असं अप्पा तिच्याकरवी फोनवर सांगून बसले होते.

माझं धाराशिवात जाळ्यांचं दुकान आहे. त्याआधी मी हिमाचलात पाहुण्यांना हीच मासेमारी शिकवायचो. म्हणून मला बोलावणं आलं.

आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनानं दोर लांब जातो. इथं गळाला नुसती पिसं बांधलेली असतात. ती फेकली तर पायाशीच पडतील. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. त्या वजनानं रॉड वाकतो आणि सरळ होताना दोरी पुढं फेकतो. कुठल्या रॉडला किती वजनाची दोरी झेपते, याचे नंबर ठरलेले असतात.

रॉडवर मुठीच्या वर पाच लिहिलं होतं. लाईन, म्हणजे दोरी, मात्र चांगली जाडजूड होती.

"अप्पा, लाईन कितीची आहे?"

"नऊची. मुंबईवरनं मागवली. म्या म्हणलं, दमदार असंल ती द्या."

"पण रॉड पाचचा आहे!"

"आवं, पाच एचपीच्या जागी साडेसातची मोटर टाकतोच की आपण. व्होल्टेज पडलं तरी पाणी फेकती!"

माझ्या शेतातही साडेसातचीच आहे.

"रॉडसोबत लाईन आली नव्हती?"

"आलती की. सुतळीवानी बारीक. ती हिला दिली."

परसात गेलो. पाचच्या त्या पोपटी लाईनवर काकूंच्या साड्या आणि दोन सोलापुरी चादरी वाळत होत्या.

"माझी दोरी न्हेऊ नगा," काकू म्हणाल्या. "लई गुणाची हाय. गंजत न्हाय, डाग पडत न्हाय."

मी त्यांना नऊची लाईन दिली. ती ओढून बघत त्या म्हणाल्या, "ही दमदार हाय." सौदा पटला.

पोपटी लाईन साबणाच्या पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली. नवी लाईन वेटोळी घालून बसते, ती ताणून घ्यावी लागते. ते काम चादरींनी आधीच करून ठेवलं होतं.

"आता जोर नको," मी अप्पांना म्हणालो. "दोरी मागं सरळ होऊ द्या, मग पुढं न्या."

चार-पाच वेळा चुकली. मग ती हवेत सुळकन उलगडली आणि लोकर अलगद पाण्यावर टेकली. अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मला माझ्या हिमाचलातल्या नोकरीतला पहिला दिवस आठवला आणि फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी व्याह्यांना रीतसर टोपी-टॉवेलाचा आहेर केला. मग सगळे तळ्यावर आले. गळ बांधला. अप्पांची पहिलीच फेक सरळ गेली. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या, सुनीतानं डोळे पुसले. मग व्याह्यांनी रॉड घेतला, ऐटीत हात मागं नेला. तेवढ्यात वारं सुटलं आणि त्यांची नवी कोरी टोपी गळाला लागून तळ्यात पडली.

"सुनीता, त्येंला सांग," अप्पा हसू दाबत म्हणाले, "माझी काल गेलीय."

सुनीतानं सांगितलं. दोघं व्याही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून खोकला येईपर्यंत हसले.

तर रॉड पाचचा असेल तर लाईन पाचचीच घ्या. आणि वारं असेल तर टोपी खिशात ठेवा.