हळदीच्या व्यापाऱ्यानं धुतलेलं कपाट

वसमतच्या मोंढ्यात माझं हळदीचं दुकान आहे. हळकुंड मोडलं की त्याच्या आवाजावरून मी ओल सांगतो, आणि न विचारणाऱ्यालाही सांगतो. या एका विद्येच्या जोरावर जगातलं सगळंच आपल्याला कळतं, असा माझा समज होता. बायकोचा तसा समज कधीच नव्हता.

तिच्या भावांनी माहेरचं घर पाडायला काढलं तेव्हा तिनं एकच वस्तू मागितली, आईचं चार खणांचं लाकडी कपाट. निजामाच्या काळात कधीतरी हैदराबादेत केलेलं. खणांवर हिरव्या वेली, लाल फुलं, कडेनं सोन्याचा वर्ख. हे सगळं तिच्या सांगण्यातलं. टेम्पोतून उतरलं ते धुरानं आणि तेलानं काळंमिट्ट झालेलं धूड होतं. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. बायको येता-जाता कपाटावरून हात फिरवायची आणि चांगला कारागीर पहा म्हणून माझ्या मागे लागायची.

कारागीर कशाला? मोबाइलवर मी अशा कामाचे व्हिडिओ पाहिले होते. त्यात एक गोरा माणूस कापसाच्या बोळ्यानं बोटभर जागा पुसत बसतो, पुसतच बसतो. आमच्या मोंढ्यात तो उपाशी मेला असता.

भाचीच्या डोहाळजेवणाला बायको हट्टा गावाला गेली, तशी मी लुंगी खोचली. तिला थक्क करायचं होतं. बादलीभर पाणी, कपड्याचा साबण आणि काथ्या. पहिल्या हातालाच हिरव्या वेली दिसल्या आणि मी स्वतःवरच खूश झालो. खणांच्या कडेनं पिवळे पट्टे होते, बाजूच्या फळीवर पिवळे डाग. हळदीच्या गावात पिवळं दिसलं की ती हळदच. सासूबाई दर दसऱ्याला कपाटाची पूजा करायच्या, त्यांचंच हे काम असणार. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फळीवरचे डाग लाल झाले आणि निघून गेले. कडा मात्र पिवळ्याच राहिल्या. शहाणा माणूस इथं थांबला असता. मी ठरवलं की ही हळद जुनी आहे, लाकडात मुरली आहे, आणि आणखी जोर लावला.

सगळं स्वच्छ निघालं. मग फडकं पिळून उन्हात धरलं, तर ते चमचम करत होतं. नखांत चमक, लुंगीवर चमक, बादलीतही चमक. जन्मभर हळद पारखली आणि सोनं धुऊन काढलं.

मी धावत जाऊन देवळाच्या कळसाला लावतात तसला सोनेरी रंग आणला आणि कडांना फासला. कपाट वरातीतल्या बँडच्या गाडीसारखं दिसायला लागलं. बायको एसटीतून उतरून घरी येईपर्यंत वर्खाबद्दलच्या सबबी मी पाठ करत होतो.

ती आली. पिशवीही खाली ठेवली नाही. कडांकडे तिनं पाहिलं नाही, सरळ बाजूच्या फळीपाशी जाऊन वाकली.

"हितली आईची बोटं कुठं गेली?"

"कसली बोटं?"

"दसऱ्याला पाची बोटं हळदीत बुडवून हितं ठसा उमटवायची ती. तिच्या शेवटच्या दसऱ्याचा होता. काहून धुतलं तुमी? ते जाऊ नये म्हणूनच तर कारागीर पहा म्हणत होते मी."

सोन्याचं दुःख कुठल्या कुठं गेलं आणि मला माझी खरोखर लाज वाटली. तरी व्यापाऱ्याची जीभ गप्प बसेना.

"दुकानातून चांगली हळद आणू का?"

तिनं ओल्या फळीवर आपला हात टेकवला.

"हळद लई हाय हो आपल्या घरी," ती म्हणाली. "आईचा हात कुठून आणाल?"