बिनग्लिसरीनची हिरॉईन

"डावा की उजवा?" असं ती विचारायची. आपण "डावा" म्हणायचं. मग ती हनुवटी जराशी वर करून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची, आणि चहा निवायच्या आत तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघून गालाच्या मध्यावर येऊन थांबायचा. उजवा डोळा ठणठणीत कोरडा. ग्लिसरीन नाही, कांदा नाही, काही नाही. माझ्या लेकीला, रेवाला, हा खेळ इतका आवडायचा की शाळेतून आली की दप्तर फेकून आधी शेजारी पळायची आणि परत येऊन मला रिपोर्ट द्यायची, "मम्मा, शी डिड द राइट वन दिस आर्वो." आर्वो म्हणजे इथल्या भाषेत दुपार.

परदेशात, या टूवूंबा शहरात, आम्ही घर घेतलं ते माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, इथल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली म्हणून. मी इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट. शेजारची म्हातारी पूर्वी हॉलिवूडमध्ये होती, असं समोरच्या घरातल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हटलं, असेल बाप्पा. आमच्या नागपुरातही प्रत्येक मोहल्ल्यात एक जण मुंबईला जाऊन हिरो होऊन आलेला असतो. पण हिचं खरं निघालं. इथून जवळच्याच एका गव्हाच्या शेतावरची ही पोर, विशीच्या आत बोटीत बसून कॅलिफोर्नियाला गेली. स्टुडिओनं तिचं नाव बदललं, दात बदलले, चालणं बदललं, कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस उपटले. एवढं करून मुख्य हिरॉईन काही झाली नाही. हिरॉईनची बहीण, हिरॉईनची मैत्रीण, हिरोची मेलेली पहिली बायको, असलीच कामं. "सुंदर मुली ढिगानं होत्या, डार्लिंग," ती म्हणायची, "सांगितल्या वेळी रडणाऱ्या फार कमी होत्या." आमच्या घरात मात्र तिला हिरॉईनच म्हणायचे.

वय नव्वदीकडे झुकलेलं, पण तिला आजी म्हणायची सोय नव्हती. रेवानं एकदा कौतुकानं "आजी" म्हटलं, तिनं अर्थ विचारला, आणि मग दोन रविवार आमच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती मोत्यांचे कानातले घालून. त्यानंतर रेवा तिला नावानं हाक मारायची आणि मी "अहो" म्हटल्यासारखं इंग्रजी बोलायचे. ती आम्हा सगळ्यांना, प्रशांतलासुद्धा, डार्लिंग म्हणायची. कारण तिला एकाचंही नाव लक्षात राहत नसे.

संध्याकाळी कचऱ्याचा बिन रस्त्यावर ओढून ठेवायचा असला तरी लिपस्टिक. रेशमी गाऊन, पायात टाचांच्या सपाता, आणि पुढे ढकलत नेतेय पिवळ्या झाकणाचा बिन. प्रशांत मदतीला धावला तर त्याला हातानं थांबवायची. घरात तिची खुर्ची ठरलेली, खिडकीच्या उजव्या अंगाला, म्हणजे येणाऱ्याला तिची डावीच, कॅमेऱ्यात बरी दिसणारी बाजू दिसणार. मी एकदा टेबललॅम्प खाली जमिनीवर ठेवला, तर केवढी रागावली. "खालून उजेड भुतांना देतात, डार्लिंग. बायकांना वरून."

खाण्याची तर तऱ्हाच निराळी. स्टुडिओत दर सोमवारी सगळ्या मुलींचं वजन व्हायचं, आणि आकडा चढला की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. त्या गोष्टीला सत्तर वर्षं होत आली, स्टुडिओ बंद पडला, आकडे वाचणारे मेले, पण ही बाई अजून दुसऱ्यासमोर घास घेत नव्हती. माझं वांग्याचं भरीत तिला प्राणापलीकडे आवडायचं. डबा दिला की "नंतर" म्हणून ठेवून द्यायची. मग मी निघाले की पँट्रीत शिरून, आतून दार लावून, उभ्या उभ्या खायची. मला कसं कळलं? एकदा चष्मा विसरले म्हणून परत गेले, तर दाराआडून चमच्याचा आवाज येत होता. मी चष्मा घेतला आणि गुपचूप घरी आले. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

रडण्याचा उपयोग ती सर्रास करायची. लाज म्हणून नाही. प्लंबर आज येत नाही म्हणाला की फोनवर एक हुंदका, आणि तासाभरात त्याची गाडी दारात. पार्किंगचा दंड करायला आलेला काउन्सिलचा धिप्पाड माणूस तिला घरापर्यंत सोडून गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. फोन ठेवला की चेहरा लगेच कोरडा, आणि मला विचारणार, "जास्त झालं का?" मी म्हणायचे, जरा झालं. मग ती विचार करायची, खरंच, मन लावून. कामाच्या बाबतीत तिला खोटी स्तुती चालत नसे.

टीव्हीवर दुपारी जुने सिनेमे लागले की आवाज बंद करून बघायची. "त्या बाईचं नाक बघ. कोरडं आहे. खोटं." खरं रडू आधी नाकात येतं, असं तिचं म्हणणं. "आणि खरं रडणारा माणूस रडू लपवतो, डार्लिंग. आम्हाला ते दाखवायचं असायचं, पण लपवतोय असं दाखवायचं असायचं." मी एकदा विचारलं, तुमचं कुठलं खरं आणि कुठलं कामाचं, हे तुम्हाला तरी कळतं का? तिनं टीव्ही बंद केला. "पूर्वी कळायचं," म्हणाली.

माझे बाबा गेले तेव्हा सीमा बंद होत्या, विमानं नव्हती. नागपूरला बाबांना नेत होते आणि मी इथे स्वयंपाकघरात मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बघत होते. नेट मध्येच जात-येत होतं. आई तिकडे हंबरडा फोडत होती आणि माझ्या डोळ्यात पाणी म्हणून नाही. दगड झाले होते मी. रेवानं शेजारी जाऊन हिरॉईनला सांगितलं असावं. ती आली, पहिल्यांदाच लिपस्टिकशिवाय, आणि माझ्यासमोर बसली. "तू नको रडूस," म्हणाली, "तुझ्या वाटचं मी रडते." आणि रडली हो. एका डोळ्यानं नाही, दोन्ही डोळ्यांनी, नाक लालभडक, तोंड वेडंवाकडं, बाजूबिजूचा विचार नाही. तिनं माझ्या बाबांना कधी पाहिलंही नव्हतं. ते खरं होतं की कसं, हे मी तिला विचारलं नाही. मला त्याचा आधार झाला, एवढं मला कळतं.

तिला एक मुलगी होती, रूथ. पर्थला, म्हणजे या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. दर रविवारी फोन व्हायचा, आणि फोनवर ही रडायची. ये ना गं, एकदा ये, मी काही आता फार दिवस नाही. मी शेजारी बसलेली असायचे. एका हातात फोन, गालांवर पाणी, आणि दुसऱ्या हातानं ती कुंडीतल्या जिरेनियमची वाळकी पानं खुडत असायची. दोनदा रूथ तसा फोन ऐकून धावत आली होती. दोन्ही वेळा आई लिपस्टिक लावून खुर्चीत बसलेली. दुसऱ्या वेळी ती त्याच संध्याकाळी परत गेली आणि त्यानंतर आलीच नाही.

मी पडले तोंडाळ. एका रविवारी तिचं ते विनवणं ऐकवेना, घरी येऊन रूथला फोन लावला आणि चांगलं सुनावलं. म्हटलं, आई आहे तुझी, काय दगडाची आहेस का तू? रूथनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सात वर्षांची होते. बोर्डिंग स्कूलमध्ये. आई अमेरिकेतून मला भेटायला आली. गेटपाशी मला मिठी मारून रडली. मीही रडले, किती महिन्यांनी भेटत होतो. मग फोटोग्राफर म्हणाला, उजेड बरोबर नाही. आईनं डोळे पुसले, मला परत गेटच्या आत पाठवलं, आणि पुन्हा मिठी मारून रडली. तसंच्या तसं. मग आणखी एकदा." मी विचारलं, मग? "तिसऱ्या वेळी मला रडू येईना, म्हणून तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला," रूथ म्हणाली. "ती वाईट नाही, मेट," इथे कोणालाही दोस्त म्हणतात तसं म्हणाली, "पण तिचं काय खरं धरायचं, मला कळत नाही."

यंदाच्या हिवाळ्यात हिरॉईननं भरीत परत केलं. डबा तसाच. मग पिवळी पडली. हॉस्पिटलात आणली तेव्हा आजार सगळीकडे पसरलेला होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी लंचब्रेकला आणि शिफ्ट संपली की वॉर्डात जाऊन बसायचे. तिथे तिची डावी बाजू भिंतीकडे यायची. पलंग फिरवू का, असं मी विचारलं, तर "राहू दे" म्हणाली. तिनं राहू दे म्हटलं तेव्हाच मला कळायचं ते कळलं. दुखायचं तिला, औषधं मीच वर पाठवत होते, किती ताकदीची जातात ते मला माहीत होतं. पण ती रडत नव्हती. तक्रारसुद्धा नाही.

एका सकाळी माझा हात धरून म्हणाली, "रूथला बोलाव. मला तिला एकदा बघायचंय. मी फोन करणार नाही. मी केला तर ती येणार नाही." तिला एवढंच हवं होतं. लेकीनं यावं आणि खरं समजून यावं.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस, सगळं सांगितलं. रूथनं एकच विचारलं.

"रडतेय का ती?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"एक टिपूससुद्धा नाही, रूथ. आल्यापासून नाही."

मग तिचा आवाज आला तो ओळखू येत नव्हता, लहान मुलीसारखा झाला होता. "मी येते. उद्या सकाळचं पहिलं विमान. तिला सांग मी येतेय. सांगशील ना?"

मी धावत आत गेले. सांगितलं. हिरॉईननं डोळे उघडले.

"येते म्हणाली? आवाज कसा होता?"

"थरथरत होता. रडत होती ती."

ती हसली. किती दिवसांनी हसली. "चांगली आहे ती," म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली. आवाजातलं रडू फार अवघड असतं, डार्लिंग. मला ते कधी धड जमलं नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, ती खरंच येतेय. तिकीट काढतेय. उद्या संध्याकाळी इथे असेल ती. मी खोटं कशाला सांगेन? तिनं माझ्या हातावर थोपटलं, आपण हट्टी पोराला थोपटतो तसं. "तू गोड आहेस," म्हणाली. "तुला सगळं खरं वाटतं." त्यानंतर मी जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा तिनं मान हलवली, आणि ती मान हलवणं कसलं होतं हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाचा फोटोसुद्धा दाखवला. तिनं तो बघितला नाही. म्हणाली, "ती पुढच्या आठवड्यात फोन करून सॉरी म्हणेल बघ. छान म्हणेल."

दुपारी ती गेली. रूथ तेव्हा विमानात होती. तिथे दुसरं कोणी नव्हतं, धर्मगुरू नको असं तिनंच आधी लिहून दिलं होतं. मला जे येतं ते मी केलं. तिच्या उशाशी उभं राहून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं, घरी बाबांसाठी म्हटलं होतं तसंच. मग नर्सकडून ओला रुमाल घेऊन तिचा चेहरा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. त्या वेळी मात्र मी रडले, हमसून हमसून रडले, आणि ते कसं दिसतंय हे सांगायला कोणी नव्हतं.

रूथ अंधार पडायच्या सुमाराला आली. साठी ओलांडलेली, आखूड पांढरे केस, पायात जाड बूट, चेहऱ्यावर पावडरीचा कण नाही. आयुष्यभर खाणींमध्ये नोकरी केलेली बाई. मी वॉर्डच्या दारात उभी होते, त्यावरूनच ती समजली. काही न विचारता आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"मी निघालेय हे तू सांगितलंस ना तिला?"

"सांगितलं. कितीदा तरी सांगितलं."

"तिला खरं वाटलं?"

मी "हो" म्हणाले. रूथनं माझ्याकडे नीट पाहिलं, "नो वरीज," म्हणाली, आणि खिशात गाडीची किल्ली शोधायला लागली. माझं ते "हो" तिला खरं वाटलं नव्हतं.