वेशीला मारलेलं सिमेंट

आमच्या गावाला तटबंदी होती, असं म्हणायचं फक्त. तिचे दगड नेऊन लोकांनी गोठे बांधले, जोती बांधली. शेवटी नदीकडच्या अंगाला एक वेस आणि तिच्या दोन्ही बाजूंचा थोडा तट तेवढा उरला. बाजाराच्या दिवशी तिच्या सावलीत मिरच्यावाल्या बायका बसायच्या. प्रेत निघालं की विसाव्याला तिरडी त्या वेशीखालीच टेकवायची, खांदेकरी बदलायचे आणि मंग नदीकडं जायचं.

मी गवंडी. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, तेही गवंडी, पण चुन्यातले. एका पावसाळ्यात वेशीचे सांधे ढिले झाले. सरपंच म्हणाले, ‘घाटाच्या कामाच्या सिमेंटच्या थैल्या पडल्यात, तूच लिंपून टाक.’ मी हुरळलो. गावच्या वेशीला आपला हात लागणार, आणखी काय पाहिजे?

दादा काठी टेकत आले आणि मारुतीच्या ओट्यावर बसून बघत राहिले. म्हणाले, ‘चुना भिजव. आतला भराव मातीचा हाये. त्यात गेलेलं पाणी भाईर यायला वाट लागती. तू त्याचं तोंड दाबून राह्यला.’

‘चुना मुरायला किती दिवस लागतेत दादा? पोळा आठ दिवसांवर आलाय. लोकाला काम जल्दी पाहिजे.’

‘मंग करू नको.’

चार मजुरांसमोर बोलले म्हणून माझं डोकं फिरलं. म्हणालो, ‘तुमचा जमाना गेला आता.’ ते उठले आणि घरी गेले. पुन्हा तिकडं फिरकले न्हाई. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पोळ्याला वेस नवरीवानी दिसत होती. बैल तिच्याखालून गेले, पोरांनी फोटो काढले, मी मिशीला पीळ देत हिंडलो. पुढच्या पावसाळ्यात डाव्या तटाला पोट आलं. हातोडीनं ठोकून पाहिलं तर बद्द आवाज. माझं सिमेंट बिलकुल शाबूत होतं, त्याच्या आत चिखल झाला होता. कुणाला सांगितलं न्हाई. एका सकाळी डावी बाजू बसली. नशिबानं खाली कुणी नव्हतं.

मंग तालुक्याहून पाहणीला साहेब आले. सगळा गाव जमला. साहेबानं विचारलं, ‘शेवटची दुरुस्ती कुणी केली?’ सरपंच खाली बघायला लागले. मी म्हणालो, ‘म्हाईत न्हाई साहेब. लई जुनी गोष्ट असंल.’

दादा माझ्या शेजारी उभे होते. काठी टेकत घराकडं निघाले.

साहेबानं बांधकाम जुनं आणि धोकादायक असल्याचं लिहून नेलं. जेसीबीनं उरलेली वेस अर्ध्या दिवसात साफ केली. आता तिथून उसाच्या ट्रॉल्या सुसाट जातात. त्यानंतर दोन वर्षं दादा माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून जेवले. त्यांनी वेशीचं नाव काढलं न्हाई आणि माझी हिंमत झाली न्हाई. रोज वाटायचं, आज बोलावं. रोज काहीतरी काम निघायचं.

ते गेले तेव्हा मडकं धरून मी पुढं चाललो होतो. डांबरी रस्त्यावर आलो तसे खांदेकरी घुटमळले. ‘विसावा कुठं घ्यायचा?’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘टेकवा कुठंबी.’

मी मागं वळलो, तीन पावलं गेलो आणि पायानं जागा दाखवली. आठ दिवस तिथंच परांची बांधून मी उभा होतो. मला बराबर ठाऊक होती.

त्यांनी तिरडी टेकवली. मी वाकून दादांच्या कानाशी म्हणालो, ‘दादा, साहेबाला मी खोटं सांगितलं.’

मागं उसाचा ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. खांदेकरी बदलले होते. एकजण मला म्हणाला, ‘चला आता, रस्ता अडलाय.’