हिरव्या डब्यातला मठ्ठा

घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं मंगल कार्यालय आहे. आमचं म्हणजे माझ्या भासऱ्यांचं. माझ्या नवऱ्याचे हे थोरले भाऊ आधी कोळशाचे ट्रक चालवायला देत. ते विकून त्यांनी हॉल बांधला, कारण त्यांच्या मते कोळसा एक दिवस संपेल, पण लग्नं संपायची नाहीत. माझा नवरा माजरीच्या खाणीत शिफ्टला जातो, मुलं नागपूरला शिकतात, त्यामुळे हॉलची व्यवस्था माझ्याकडे आली. व्यवस्था म्हणजे जे बिघडेल ते माझं आणि जे छान होईल ते भासऱ्यांचं.

सुरुवातीला कचऱ्याची सोय सोपी होती. मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकायचा. पलीकडे गायी, डुकरं आणि कुत्री वाट बघत असायची. मग पलीकडे एकाने घर बांधलं. त्याला आमच्या लग्नांची उष्टी ताटं अंगणात नको होती, हे ऐकून भासऱ्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. तरी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला निघाल्यासारखे, चंद्रपूरला डबे बघायला गेले.

आले ते पेंग्विन घेऊन. कमरेएवढे उंच, चोच वासलेली, पोटावर ‘माझा वापर करा’. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबराला चप्पल चिकटते, तिथे हे पक्षी दाराशी उभे राहिले. त्यांच्या चोचीत चॉकलेटचा कागद जाई, जेवणाचं ताट जात नसे. लोक ताटं त्यांच्या पायाशी ठेवत, नैवेद्य ठेवावा तशी. पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढत. शिवाय ट्रकांची काळी धूळ अशी बसली की पांढरं पोट होळीपर्यंतही टिकलं नाही. एका नवरदेवाच्या काकांनी मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं, "बाई, हे काळे कावळे व्हिडिओत येऊन राह्यले, थोडे सरकवता काय?"

मग भासऱ्यांनी एका बँकेत स्टीलचे जाळीचे, झुलते डबे पाहिले. दिसायला फार देखणे. बँकेत लोक पावत्या फाडून टाकतात, लग्नात कढी उरते, एवढाच काय तो फरक. कढी जाळीतून खाली, खालून लॉनवर आणि लॉनवरून नवरीच्या मावशीच्या शालूवर गेली.

मी भासऱ्यांना परातीएवढे हात पसरून दाखवलं. "भाऊ, ताट एवढं रुंद असते. डब्याचं तोंड त्याहून मोठं पाह्यजे. बायांच्या एका हातात पदर, एका हातात ताट. झाकण उघडाले तिसरा हात कुठून आणतील?"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं बराबर हाये. पण डबा पाह्यल्यावर पार्टीले वाटलं पाह्यजे का हॉल मोठा हाये."

तेवढ्यात नगर परिषदेची नोटीस आली. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, तपासणी होईल. भासऱ्यांना आता मोठेपणा दाखवायला सरकारी कारण मिळालं. त्यांनी चाकांचे भलेमोठे डबे मागवले, काही हिरवे, काही निळे. हिरव्यावर ‘ओला कचरा’, निळ्यावर ‘सुका कचरा’, आणि झाकण असं जड की उघडून धरायला वेगळा माणूस लागावा.

डबे आले ते मे महिन्यात, ऐन लग्नाच्या सकाळी. प्लॅस्टिकच्या वेष्टनातच मी ते व्हरांड्यात लावून ठेवले आणि मंडपाकडे गेले. मुलीकडचे हजारभर पाहुणे येऊ घातले होते. मठ्ठ्याची पिंपं भांडी-गाद्या भाड्याने देणाऱ्या बिछायतवाल्याकडून यायची होती. ती दुसऱ्याच गावच्या लग्नात गेली, असं त्याने अत्यंत सहजपणे फोनवर सांगितलं.

मी परत आले तेव्हा जेवणाच्या रांगेच्या टोकाला गर्दी होती. आमचा आचारी डाव घेऊन उभा होता. समोर एक हिरवा डबा, एक निळा. हिरव्यात मठ्ठा, निळ्यात कैरीचं पन्हं, दोन्हीत बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या. अक्षरांची बाजू त्याने भिंतीकडे केली होती. मी त्याला हळूच विचारलं, "हे काऊन केलं?"

"कोरे करकरीत होते, बाई. गरम पाण्यानं दोनदा धुतले. भाऊले विचारलं, ते हो म्हणले." मग थोडा अभिमानाने म्हणाला, "चाकं हायेत ना, ओढाले बरं पडते."

भासरे लांबून मान डोलावत होते. पाहुणे पुन्हा पुन्हा ग्लास भरून घेत होते. ओरडले असते तर लग्न मोडलं नसतं, पण पंगत नक्की मोडली असती. मुलीची आई हसतमुखाने जवळ आली आणि म्हणाली, "मठ्ठा लय झकास झाला हो." मी म्हटलं, "घ्या ना अजून." दुसरं काय म्हणणार?

तपासणीचा माणूस त्याच दुपारी आला, बरोबर जेवणाच्या वेळेला. बाहेरच्या उन्हातून आलेला, चेहरा लालबुंद. भासऱ्यांनी आधी त्याच्या हातात ग्लास दिला. त्याने तो एका दमात संपवला, दुसरा मागितला, मिशी पुसली आणि कामाचं बोलला.

"डबे घेतले म्हणे तुम्ही. दाखवा."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बिघडलेलं माझं, हे ठरलेलंच होतं. मी काही बोलायच्या आत आचाऱ्याने तळाचा मठ्ठा काढायला हिरवा डबा पुढे वाकवला आणि तो चाकांवर गर्रकन फिरला. ‘ओला कचरा’ साहेबांच्या समोर आला.

साहेबांनी अक्षरं वाचली. ग्लासात पाहिलं. पुन्हा अक्षरं वाचली.

"नवे हायेत साहेब," मी म्हटलं. "सकाळीच आले. कचरा लागलाच नाई त्याईले अजून."

मला वाटलं, आता हॉलला कुलूप. मग ग्लास खाली ठेवत ते म्हणाले, "मले वापरात असल्याचा फोटो लागते."

"वापरातच हायेत की," भासरे म्हणाले. खरंच असं म्हणाले.

साहेब हसले नाहीत. व्हरांड्यात अजून वेष्टनात असलेली जोडी आम्ही बाहेर काढली. हिरव्यात भाजीची सालं टाकली, निळ्यात वेष्टनाचाच कागद. त्यांनी दोन्ही बाजूंनी फोटो काढले, समाधान व्यक्त केलं आणि जाताना पन्ह्याचीही चौकशी केली. आमचा हॉल स्वच्छ ठरला.

मठ्ठा-पन्ह्याचे ते डबे कचऱ्याला मिळालेच नाहीत. आचारी आता प्रत्येक लग्नाला ते हक्काने मागतो. भासऱ्यांनी त्यांच्यावरची अक्षरं खरवडून काढली आणि गावात सांगितलं की मठ्ठ्यासाठी खास मागवलेत. उरलेल्या डब्यांची जड झाकणं कोणी उघडेना, म्हणून त्या गडबडीत मी जुन्या गॅरेजमधून तेलाची रिकामी पिंपं आणून अर्धी कापून घेतली, धार ठोकून बोथट केली, आणि झाकण न लावता जेवणाच्या टेबलांवरून नळाकडे जायच्या वाटेवरच ठेवली. लोक चालता चालता ताट टाकू लागले. पाटी लागली नाही, माणूस लागला नाही. भासरे आठवडाभर त्यांच्याकडे नाराजीने बघत होते. मग शेजारच्या हॉलवाल्याला म्हणाले, "मीच सांगतलं होतं बाईले, तोंड मोठं पाह्यजे."

पिंपांना मी हिरवा आणि निळा रंग दिला आहे. रंगाचा अर्थ कोणीही विचारत नाही. हाताला जे जवळ ते पिंप. मांडव रिकामा झाला, उन्हं उतरली, की भांडी घासणारी बाई आणि मी हातमोजे घालून समोरासमोर बसतो. ती उष्टं एकीकडे करते, मी कागदी ताटं आणि ग्लास दुसरीकडे. मधूनच कुणाची जोडवी सापडतात, कुणाची कवळी. मग आम्ही दोघी अंदाज बांधतो, नवरदेवाकडची असेल की नवरीकडची.